शंभर एमबीपीएसचा वेग, तरीही अडखळणारा आवाज

रात्री नऊची वेळ. स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, टीव्हीवर सिनेमा विनातक्रार चालू असतो, आणि त्याच घरात बंगळुरूच्या मुलीशी चाललेला व्हिडिओ कॉल मात्र दर दोन वाक्यांनी अडखळतो. आपण बोलतो, ती थांबते, मग दोघे एकदमच बोलू लागतात. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर पांढरी डबी बसवून हवेतून इंटरनेट घेणाऱ्या बऱ्याच घरांत हा अनुभव येतो.

ही सेवा आपल्याकडे २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. ऑगस्टमध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत, तर १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ती आणली. जिथे फायबरची तार पोचणे अवघड, तिथे टॉवरवरून थेट घरात ब्रॉडबँड. कल्पना उत्तम आहे आणि माझ्या मते गावांसाठी तर तिला तोड नाही. फक्त तिची पारख जाहिरातीतल्या एमबीपीएसवर होत नाही.

एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, हा आकडा एका सेकंदात किती माहिती येते एवढेच सांगतो. पाठवलेल्या पॅकेटचे, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्याचे, उत्तर परत यायला किती वेळ लागतो, हे त्याला ठाऊकच नसते. हा दुसरा आकडा म्हणजे लेटन्सी, आपल्या रोजच्या भाषेत पिंग. आवाजी संभाषणाला जेमतेम १०० केबीपीएस पुरतात, म्हणजे आपल्या जोडणीचा हजारावा भाग. पण तो आवाज वेळेत पोचावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बहुतेकांना संभाषण सहज वाटते. त्यापुढे गेलो की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

मग हा विलंब येतो कुठून? पहिला संशय हवेवर जातो आणि तो चुकीचा आहे. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. टॉवर एक किलोमीटर लांब असेल तर तिथे पोचायला सेकंदाचा साधारण तीन लाखावा भाग लागतो. उलट फायबरच्या काचेत प्रकाश मंदावतो आणि सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच कापतो. शर्यत फक्त या शेवटच्या किलोमीटरची असती तर हवा जिंकली असती. खरे मोठे अंतर पुढे असते. मुंबई ते सिंगापूर हे सुमारे ३,९०० किलोमीटर सरळ फायबरने कापले, तरी जाऊन येण्याला ३९ मिलिसेकंद लागणारच. ते कुठलीही कंपनी कमी करू शकत नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे त्याच्यामार्फत गेलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो. टॉवरवाल्या सेवेचा अशा अंतराशी काही संबंध नाही. तिचा वेळ जातो तो थांबण्यात.

हवा सगळ्यांची एकच आहे. एका टॉवरच्या एका दिशेला असलेली सगळी घरे आणि सगळे मोबाइल एकाच पट्ट्यातल्या लहरी वापरतात, म्हणून प्रत्येकाला पाळी नेमून द्यावी लागते. भारतात ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर जाणारी आणि येणारी माहितीही एकाच लहरीवर आळीपाळीने चालते. वेळेचे साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांतले बहुतेक टॉवरकडून घराकडे येणाऱ्या माहितीला दिलेले, थोडेच घराकडून जाणाऱ्या माहितीला. आपल्या डबीला काही पाठवायचे असेल तर ती आधी टॉवरकडे परवानगी मागते, टॉवर तिला एक तुकडा नेमून देतो, आणि तो तुकडा आल्यावर पॅकेट निघते. वाटेत ते बिघडले तर पुन्हा पाठवायचे, म्हणजे आणखी काही मिलिसेकंद. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्येही वरच्या दिशेला अशाच पाळ्या असतात, कारण एक तार अनेक घरांत विभागलेली असते. पण तिथले वेळापत्रक मिलिसेकंदाच्या आठव्या भागाच्या चौकटीत चालते आणि काचेतली पॅकेट सहसा बिघडत नाहीत.

पाळ्यांमध्ये एक अन्याय दडलेला आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. सिग्नल स्वच्छ असेल तर एका स्पंदनात ८ बिट बसवता येतात. सिग्नल कमकुवत असेल तर २. म्हणजे टॉवरपासून लांबच्या किंवा इमारतीआडच्या घराला तेवढीच माहिती आणायला चौपट वेळ हवा अडवावी लागते. त्या घराचा सिनेमा शेजारच्या दहा घरांच्या पाळ्या लांबवतो. म्हणून डबी खोलीत टेबलावर न ठेवता गच्चीवर नीट रोखून बसवणे हे आपल्याइतकेच शेजाऱ्यांच्याही भल्याचे असते.

तरीही पाळ्यांचा हा विलंब दहा-वीस मिलिसेकंदांचा. तेवढ्याने कॉल तुटत नाही. कॉल तोडणारा विलंब वेगळाच आहे, आणि तो माणसानेच तयार केलेला आहे.

इंटरनेटच्या वाटेवर प्रत्येक उपकरणात पॅकेट थोडा वेळ थांबवून ठेवायला जागा असते, तिला बफर म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तसे उत्पादकांनी हे बफर मोठे केले. एकही पॅकेट वाया जाऊ नये हा हेतू. जिम गेटिस हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ २०१० मध्ये घरच्या जोडणीवर मोठ्या फायली पाठवत असताना त्यांच्या लक्षात आले की एरवी काही मिलिसेकंदांत येणारे उत्तर आता सेकंदाहून जास्त वेळ घेते आहे. त्यांनी या दुखण्याला बफरब्लोट असे नाव दिले. हिशेब सोपा आहे. राउटरमध्ये १ मेगाबाइटचा बफर आहे आणि बाहेर जाणारा वेग ५ एमबीपीएस आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. तो बफर भरला की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला १.६ सेकंद लागतात. फोन रात्री गुपचूप फोटो क्लाउडवर चढवू लागला की बफर भरतो आणि आपला आवाज त्या फोटोंच्या मागे उभा राहतो. पिठाच्या गिरणीत लग्नघराचे पन्नास किलो गहू आधी लागलेले असावेत आणि आपण पावशेर नाचणीचा डबा घेऊन मागे थांबावे, तसे हे आहे.

शहाणा गिरणीवाला काय करतो? मोठ्या पोत्यांच्या मध्येच छोटे डबे दळून देतो. पन्नास किलोवाल्याला फरक कळतही नाही. राउटरमध्येही नेमके हेच करता येते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. बफर किती भरला याकडे न पाहता पॅकेट किती वेळ खोळंबले आहे हे ती पाहते, आणि खोळंबा वाढला की काही पॅकेट मुद्दाम टाकून देते. ते पाहून पाठवणारा आपला वेग उतरवतो. (हेच ते जेकबसन, ज्यांनी १९८६ मध्ये बर्कलेजवळच्या चारशे यार्डांच्या एका दुव्यावर ३२ केबीपीएसचा वेग सेकंदाला ४० बिटांवर कोसळताना पाहिला आणि इंटरनेटला गर्दीत वेग आवरायला शिकवले.) पुढे प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग ठेवणारी तिची सुधारित आवृत्ती आली आणि २०१८ मध्ये ती इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत दाखल झाली. ही पद्धत मोफत आहे, खुली आहे, आणि तरीही घरोघरी वाटलेल्या कितीतरी राउटरमध्ये ती चालू नसते. याची मला खरोखर चीड येते, कारण यावरचा उपाय सापडून दशक उलटले आहे.

हवेतल्या जोडणीवर मात्र हा उपाय थोडा अवघड होतो. फायबरचा वेग ठरलेला असतो, त्यामुळे राउटरला त्याहून किंचित कमी मर्यादा घालून रांग आपल्या ताब्यात ठेवता येते. टॉवरचा वेग पहाटे २०० आणि रात्री ४० एमबीपीएस असू शकतो. मर्यादा पहाटेच्या वेगावर बेतली तर रात्री रांग पुन्हा टॉवरमध्येच लागते, जिथे आपला राउटर काही करू शकत नाही. म्हणून जाणकार रात्रीच्या सगळ्यात वाईट वेगाहून थोडी कमी मर्यादा ठेवतात. सिनेमा त्यातही चालतो, आणि आवाज वेळेवर पोचतो.

भरवशाचा प्रश्न यापेक्षा वेगळा. पहिली गोष्ट पावसाची, कारण आपल्याकडे सगळे तिच्यावरच खापर फोडतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर असते; काही मिलिमीटरचे थेंब तिला जाणवतही नाहीत. २६ गिगाहर्ट्झला मात्र लहर सव्वा सेंटिमीटरहून लहान होते, आणि ताशी १०० मिलिमीटरच्या कोकणी सरीत दर किलोमीटरला सिग्नल विसाव्या भागाच्याही खाली उतरू शकतो. त्यामुळे पावसात जोडणी जाते का, याचे उत्तर आपली डबी कोणत्या पट्ट्यावर चालते यावर आहे.

पावसापेक्षा पावसाने वाढवलेली झाडे जास्त त्रास देतात. दोन अँटेना एकमेकांना दिसल्या म्हणजे झाले असे वाटते, पण लहर सरळ रेषेभोवती फुगीर जागा घेऊन जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांच्या नावाने ही जागा ओळखली जाते. ५.८ गिगाहर्ट्झचा दोन किलोमीटरचा दुवा असेल तर मध्यावर तिची त्रिज्या पाच मीटर भरते, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा असावा लागतो. मे महिन्यात बसवलेली डबी ऑगस्टमध्ये कुरकुरते ती बहुधा मधल्या झाडाला ओली पालवी फुटल्यामुळे. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या गटाने पालघरच्या गावांत इंटरनेट पोचवताना ५.८ गिगाहर्ट्झच्या दुव्यांबरोबर टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांचाही उपयोग केला. त्या लहरी अर्ध्या मीटरहून लांब असतात आणि झाडीतून बऱ्याच चांगल्या जातात. ‘ग्राममार्ग’ या त्यांच्या प्रकल्पाला २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा पुरस्कारही मिळाला.

आणि तारेची खात्री तरी किती? फायबर वर्षभर इमानाने चालते आणि एक दिवस रस्ता खोदणारा जेसीबी ते तोडतो. मग दोन दिवस काहीच नाही. हवेतली जोडणी सहसा अशी दिवसच्या दिवस तुटत नाही, ती रोज थोडी थोडी खालीवर होते. वर्षभराच्या हिशेबात दोन्ही ९९.५ टक्के चालू असे म्हणता येईल, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ तास बंद. पण सलग ४४ तास बंद आणि रोज संध्याकाळी सात मिनिटे बंद, यांत ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. वीज गेल्यावरचे चित्र आणखी निराळे: टॉवरला बॅटरी असते, घरातल्या राउटरला आणि गच्चीवरच्या डबीला नसते. दोघांना पुरेल असा छोटा यूपीएस लावला की अर्ध्या तक्रारी मिटतात.

नवी जोडणी घेताना पाहणी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान करा. लॅपटॉप वायफायवर नको, केबलने राउटरला जोडा, म्हणजे घरातल्या वायफायचा दोष टॉवरच्या माथी जाणार नाही. आधी काहीही चालू नसताना पिंग पाहा, मग एक मोठी फाइल चढवायला लावून तेच पिंग पुन्हा पाहा. २५ मिलिसेकंदांचे ४० झाले तर निर्धास्त राहा. २५ चे ६०० झाले तर प्लॅन वाढवून उपयोग नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम नावाची, म्हणजे कोडेलसारख्या पद्धतीने रांग आवरणारी, सोय आहे का ते आधी शोधा, आणि नसेल तर ती असलेला राउटर मागा.