तुलनेचा तक्ता छापायला देण्यापूर्वी
ठाणे, कळवा, ऐरोली आणि वाशीतल्या शाळा व क्लासेससाठी

दोन चित्रं एका कागदावर आली की विद्यार्थी तुलना करतीलच, असं नाही. डोळा एका चित्रातला भाग पकडतो आणि दुसऱ्या चित्रात त्याचा जोडीदार शोधतो. हा शोध लांबला, तर सगळं लक्ष तिथेच संपतं आणि दोन्हींत सारखं काय हे सुटून जातं. म्हणून मजकूर देताना चित्रांच्या जागाही ठरवून द्या.

उभी चित्रं शेजारी, आडवी चित्रं एकाखाली एक

मॅटलेन, गेंटनर आणि फ्रँकोनेरी या संशोधकांनी 2020 मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं: जोडीचे भाग थेट समोरासमोर आले आणि मध्ये दुसरं काही नसलं, तर तुलना लवकर आणि अचूक होते.

समजात अवयवांचा, म्हणजे कामं वेगळी पण हाडांची मूळ रचना सारखी असलेल्या अवयवांचा, तक्ता घ्या. मानवाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. चारही उभे काढा, खांदा वर आणि बोटं खाली, आणि एका ओळीत शेजारी ठेवा. हेच एकाखाली एक लावले, तर हाताच्या वरच्या हाडापासून बैलाच्या त्याच हाडापर्यंत जाताना मनगट आणि बोटं वाटेत येतात. भिंगांच्या किरणाकृतींचं उलट आहे. मुख्य अक्ष आडवा असतो, म्हणून बहिर्वक्र वर आणि अंतर्वक्र खाली, दोन्ही भिंगं एकाच उभ्या रेषेत.

तपासणी सोपी आहे. एका भागापासून त्याच्या जोडीदारापर्यंत पट्टी ठेवा. पट्टीखाली तिसराच भाग आला, तर मांडणी बदला.

रंग, आकार, नावं

रंग प्राण्याला देऊ नका, हाडाला द्या. खांदा ते कोपर हे हाड चारही चित्रांत पिवळं असेल, तर जोडी न सांगता दिसते. प्रत्येक प्राणी वेगळ्या रंगात छापला, की तक्ता फक्त वेगळेपणच सांगतो. चारही चित्रं एकाच उंचीची ठेवा आणि खाली ‘प्रमाण वेगवेगळे’ असं लिहा. खऱ्या मापात देवमाशाच्या पराशेजारी माणसाचा हात दिसणारच नाही. नावं भागालगत हवीत. आकडे घालून खाली सूची दिली, की दर वेळी नजर तक्ता सोडून खाली जाते.

पाणी आणि वीज

विजेच्या वाहण्याची पाण्याशी तुलना करणाऱ्या तक्त्यात सर्वांत जास्त चुका होतात. वर पाण्याचा बंद मार्ग, खाली विद्युत परिपथ, दोन्ही सारख्याच आयताकृती. पंप आणि घट (सेल) दोन्ही डावीकडे, चिंचोळी नळी आणि रोध (रेझिस्टर) दोन्ही उजवीकडे. बाण एकाच दिशेने फिरायला हवेत. घटाच्या चिन्हात लांब रेघ म्हणजे धन अग्र. ती उलट लागली, तर विजेचा बाण पाण्याच्या विरुद्ध जातो आणि साधर्म्य तिथेच तुटतं. ते खरोखर कुठे संपतं हेही तक्त्यावर असलंच पाहिजे: नळी कापली तर पाणी सांडतं, तार कापली तर विद्युतधारा थांबते, काही सांडत नाही. यासाठी खाली वेगळी पट्टी राखा. मुख्य चित्रात मिसळली, की जोड्या बिघडतात.

जोडीतलं एक चित्र पुढच्या बाजूला आणि दुसरं मागे, अशी ऑर्डर कृपया देऊ नका. दोन्ही एकाच वेळी दिसली नाहीत, तर तुलना आठवणीवर चालते.

मापं आणि प्रूफ

शेवटचा बाक 6 मीटरवर असेल, तर अक्षराची उंची किमान 3 सेंटिमीटर धरा. ए1 कागदावर (594 × 841 मिलिमीटर) म्हणूनच मोजकी नावं बसतात. जास्त हवी असतील, तर विषय दोन तक्त्यांत विभागा. जोडीच्या चित्रांत 4 ते 5 सेंटिमीटर अंतर पुरतं, दुसऱ्या जोडीपासून त्याच्या दुप्पट ठेवा. लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप नेमकी मधल्या भागावर पडते.

प्रूफ ए4 वर मिळेल. ते भिंतीला लावून साधारण 2 मीटरवरून वाचा. 6 मीटरवरून ए1 तक्ता तेवढाच दिसतो. तिथून जी नावं वाचता आली नाहीत, त्यांवर खूण करून प्रूफ परत पाठवा.