फळ देणारी फांदी: मराठी ख्रिस्ती भक्तीची पार्श्वभूमी

आत्मिक वाढ आणि फलदायी जीवन हे विषय मराठी मंडळ्यांच्या उपदेशांत नेहमी येतात. त्यांना शास्त्राधार दोन ठिकाणचा: योहानाच्या १५ व्या अध्यायातला द्राक्षवेल, आणि गलतीकरांस पत्रातले आत्म्याचे फळ, म्हणजे प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंतचे नऊ गुण. पण हे फळ मराठी मातीत कसे धरावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातला.

अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. शाळा निघाल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. उपासनेत मात्र भाषांतरित गीते, तीही परक्या चालींवर. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, तेव्हा कुठे येशूची कथा टाळ-मृदंगावर आली.

पुढचे पाऊल कवी नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत, आणि त्यांची भजने वाचली की ते पटते. त्यांत धर्मशिक्षणाचा पाठ कमी, भक्ताची ओढ अधिक.

त्याच काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, पंडिता रमाबाई वेगळ्या वाटेने जात होत्या. १९०५ मध्ये तिथे मोठे आत्मिक संजीवन झाले. रडणे, पापकबुली, तासन्‌तास प्रार्थना यांचीच चर्चा जास्त होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याच आवारात दुष्काळातून आलेल्या मुली विणकाम, शेती आणि छापखाना शिकत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही त्यात जागा होती. सभासदांच्या नोंदवहीवरून मंडळीची वाढ मोजणाऱ्यांना हे रुचणे अवघडच. दरबाराला अवधीही फार मिळाला नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. त्यातले बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते.