ड्रायव्हर खाली धरणं आणि ड्रायव्हर कापणं: आखूड दोन्ही, पण एकच नव्हेत

'ड्रायव्हर जरा आखूड कर, सरळ जाईल.' ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधला सगळ्यात लांब फटक्याचा क्लब: वर धरायची ग्रिप, मधला दांडा म्हणजे शाफ्ट आणि चेंडूला लागणारं हेड. टी-बॉक्सवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, हा सल्ला कुणी ना कुणी देतोच आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. ऐकणारे मात्र त्यावर दोन वेगळ्या गोष्टी करतात. एक जण ग्रिपवरचे हात इंचभर खाली सरकवून मारायला लागतो. दुसरा तोच ड्रायव्हर दुकानात नेतो आणि शाफ्ट इंचभर कापून आणतो. पुढे दोघंही म्हणतात, 'माझा ड्रायव्हर आता साडेचव्वेचाळीस इंचांचा आहे.' लांबीपुरतं ते खरं आहे. पण खाली धरून पाहिलं, आवडलं, म्हणून जाऊन कापून आणलं आणि हातात आला तो क्लब भलताच लागला, असं घडतं. उलटही होतं. याचं कारण समजून घेतलं तर एक चांगला शाफ्ट वाया जाण्यापासून वाचतो.

आधी लांबीचं बघू. दुकानातला नवा ड्रायव्हर आज साधारण 45.5 ते 45.75 इंचांचा असतो. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, जिथे खेळणाऱ्यांचं पोट या खेळावर आहे, तिथली सरासरी मात्र 44.5 इंचांच्या आसपास आहे. लाकडी हेड आणि स्टीलच्या शाफ्टच्या जमान्यात तर 43 ते 43.5 इंच हीच नेहमीची लांबी होती. मग ग्रॅफाइटचे शाफ्ट हलके झाले, हेड मोठी झाली, आणि जास्त यार्डांचं आश्वासन विकायला सोपं असल्यामुळे लांबी वाढत गेली. परिणाम असा की रविवारी सकाळी खेळणाऱ्या माणसाच्या हातात रोज खेळणाऱ्या प्रोपेक्षा लांब, म्हणजेच आवरायला जास्त अवघड क्लब येतो. मला हे मनापासून खटकतं.

आखूड केल्याने नेमकं काय सुधारतं, ते डोळ्यांनी बघता येतं. ड्रायव्हरच्या फेसवर, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे हलकासा मारा आणि रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, काही चेंडू मारा. पांढऱ्या थरावर प्रत्येक चेंडूचा गोल ठसा उमटतो. पूर्ण लांबीच्या ड्रायव्हरवर हे ठसे बहुधा विखुरलेले दिसतात: दोन टो-पाशी, म्हणजे शाफ्टपासून दूरच्या टोकाला, एक टाचेजवळ, म्हणजे शाफ्टकडच्या बाजूला, एक पार खाली. हेडचं वजन फेसच्या मागे आत खोलवर असतं, त्यामुळे मधोमध न लागलेल्या चेंडूला आडवी फिरकी मिळते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा टो-वर लागलेला चेंडू डावीकडे वळू बघतो, टाचेवर लागलेला उजवीकडे. खाली लागला तर उलटी फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि अंतर जातं. क्लब इंचभर आखूड झाला की ठसे जवळजवळ येतात. शाफ्टच्या त्या एका इंचातून मिळणारा वेग थोडासाच असतो, चेंडू मधोमध लागण्यातून मिळणारं अंतर बहुतेकांसाठी त्याची भरपाई करतं. इथपर्यंत दोन्ही उपाय बरोबरीचे आहेत. हात हेडच्या एक इंच जवळ आले, तुम्ही चेंडूच्या थोडे जवळ उभे राहिलात, एवढंच.

दोन्ही उपायांना टूरवर नावाजलेले पाठीराखे मिळाले. अँथनी किम ग्रिपच्या टोकाला भरपूर जागा सोडून धरायचा. 2008 मध्ये त्याने असंच धरून पीजीए टूरवरच्या दोन स्पर्धा जिंकल्या. जिमी वॉकर हा 2016 चा पीजीए चॅम्पियनशिप विजेता. तो जानेवारी 2017 मध्ये हवाईतल्या कापालुआला आला तो 42 इंचांचा ड्रायव्हर घेऊन, आणि पहिल्या दिवसअखेर आघाडीवर होता. 42 इंच म्हणजे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक 3-वूडपेक्षाही, म्हणजे ड्रायव्हरच्या खालोखालच्या क्लबपेक्षाही, कमी. त्याच वर्षी रिकी फाउलरही 43.5 इंचांवर उतरला. किमच्या हातात पूर्ण लांबीचा क्लब आखूड करून धरलेला होता, वॉकरच्या हातात मुळातच आखूड क्लब होता.

आता खरा गोंधळ. तो सगळा 'स्विंगवेट' नावाच्या आकड्यात आहे.

स्विंगवेट म्हणजे क्लबचं एकूण वजन नाही. क्लब एका खास तराजूवर आडवा ठेवतात. त्याचा टेकू ग्रिपच्या टोकापासून 14 इंचांवर असतो. त्या टेकूपाशी हेडची बाजू किती जोराने खाली ओढते, ते अक्षर आणि अंकात लिहितात. पुरुषांचा दुकानातला ड्रायव्हर बहुधा डी-2 ते डी-4 भरतो. प्रत्येक अक्षरात 0 ते 9 अंक, म्हणजे डी-0 च्या खाली सी-9.

समजा तुमचा ड्रायव्हर डी-3 आहे. शाफ्ट एक इंच कापून तीच जुन्या वजनाची ग्रिप परत बसवली, तर हेड टेकूच्या एक इंच जवळ येतं आणि तराजू साधारण पाच-सहा अंक खाली उतरतो, म्हणजे सी-7, सी-8. क्लब 'हलका पडला' असं कारागीर म्हणतो. खाली धरणारा मात्र खुशीत असतो, कारण त्याने काही कापलेलंच नाही. त्याचा ड्रायव्हर तराजूवर टाका, डी-3 च दाखवेल. यावरून लोक ठरवून टाकतात की कापलं की स्विंगवेट जातं आणि खाली धरलं की ते टिकतं.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण तराजू तुमचे हात कुठे आहेत ते विचारत नाही. तो फक्त ग्रिपच्या टोकापासून मोजतो. तुम्ही इंचभर खाली धरलंत तर तुमच्यापुरतं ग्रिपचं टोक इंचभर खाली आलं. तराजूवरही क्लब तेवढाच सरकवून ठेवलात, तर आकडा कापलेल्या क्लबइतकाच खाली जाईल. उलट एखादा अंक जास्तच उतरेल, कारण हातांच्या मागे उरलेला ग्रिपचा आणि शाफ्टचा तुकडा हेडच्या विरुद्ध बाजूला वजन टाकतो. म्हणजे खाली धरणाऱ्याच्या हातांना हेड आधीच हलकं लागत असतं, आणि 'कापल्याने हलका होतो' असं ज्याला भय वाटतं तो कित्येक महिने तसाच हलका क्लब फिरवत असतो.

तेव्हा जोडी अशी जुळते. खाली धरणं हे शाफ्ट कापून वजन *न* भरण्याच्या जवळचं आहे. शाफ्ट कापून हेडमध्ये वजन भरणं ही तिसरीच गोष्ट आहे, आणि दुकानात बहुतेक वेळा हीच होते, कारण कारागीर आकडा पुन्हा डी-3 वर आणून देण्यात अभिमान मानतो. त्यासाठी दहा ग्रॅमच्या आसपास शिसं किंवा जड स्क्रू हेडला लागतो. 200 ग्रॅमच्या हेडला दहा ग्रॅम म्हणजे थोडं नव्हे. खाली धरून ज्याला हलकेपणा आवडला होता त्याला हा क्लब मागे ओढणारा वाटतो. खाली धरून ज्याची लय बिघडली होती, हेड कुठे आहे तेच कळत नव्हतं, त्याला मात्र हाच क्लब औषधासारखा लागू पडतो.

क्रिकेट बघितलेल्या कुणालाही यातला अर्धा भाग ओळखीचा आहे. सचिन तेंडुलकर जड बॅट वापरायचा आणि दांड्यावर हात खूप खाली धरायचा. हात खाली असल्यामुळे ती जड बॅट त्याच्या हातात नीट आवरली जायची. खाली धरणं आणि वजन ठेवणं या दोन वेगळ्या निवडी आहेत आणि त्या एकत्र बसवता येतात, हे त्याच्या बॅटीत स्पष्ट दिसतं. गोल्फमध्ये हा जोडविचार फार थोडे करतात.

म्हणून करवतीला हात लावण्याआधी रेंजवर पुढचा क्रम करून बघावा असं मी आग्रहाने सांगेन. आधी नेहमीसारखं धरून ठसे बघा. मग इंचभर खाली धरा. कुठे धरायचं ते ग्रिपवर पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर हात नकळत वर सरकतात. मग तसंच खाली धरून हेडच्या तळाला शिशाची टेप लावा, आधी चार ग्रॅम, मग आठ, मग दहा. छोट्या डिजिटल काट्यावर टेप मोजून घ्या. टेप मधोमध लावा, कारण टाचेकडे किंवा टो-कडे लावली तर चेंडूच्या वळणावर तिचा स्वतंत्र परिणाम होतो आणि नेमका बदल कशामुळे झाला ते कळेनासं होतं. ज्या वजनाला ठसे सगळ्यात जवळ येतात आणि स्विंगचा वेग पडत नाही, तेवढं वजन कारागिराला सांगा. तराजूवरचा आकडा मग काहीही येवो. 'डी-3 करून द्या' या मागणीपेक्षा ही मागणी कितीतरी नेमकी आहे.

हातातल्या जाडीचा फरकही लहान नाही. ग्रिप टोकाला जाड आणि खाली निमुळती असते. खाली धरलं की दोन्ही हात बारीक भागावर येतात, खालचा हात तर फारच बारीक भागावर. बारीक ग्रिपमुळे मनगटं जास्त फिरतात असं बरेच शिकवणारे मानतात. ज्याचा चेंडू आधीच डावीकडे पळतो त्याने याकडे लक्ष द्यावं. कापल्यावर नवी ग्रिप पूर्ण बसते, हात जाड टोकाला येतात. शाफ्ट तिथे केसभर बारीक झालेला असतो, तो टेपचा एखादा फेर वाढवून भरून काढतात. ग्रिप साडेदहा इंचांच्या आसपास असते, त्यामुळे इंचभर खाली धरायला जागा पुरते, दोन इंचांवर खालच्या हाताची करंगळीकडची बोटं नव्हे, तर अंगठा आणि तर्जनी कडेला यायला लागतात.

कापायचंच ठरलं तर कुठून, हे विचारून घ्या. ड्रायव्हर आखूड करायचा असेल तर ग्रिपच्या टोकाकडून कापतात. हेडच्या टोकाकडून कापणं हे शाफ्ट कडक करण्याचं काम आहे आणि त्याने क्लबचं वागणं पुष्कळ बदलतं. शिवाय आजच्या ड्रायव्हरमध्ये त्या टोकाला अ‍ॅडॅप्टर (हेडला जोडणारा तुकडा) इपॉक्सीने चिकटवलेला असतो. ग्रिपकडून इंचभर कापलं तर शाफ्ट किंचितच कडक लागतो, आणि हेडमध्ये वजन भरलं की तोही फरक बराचसा पुसला जातो.

काम बघण्यासारखं असतं. कारागीर आकडीच्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरतो, खालची टेप खरवडतो, कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे देतो म्हणजे ग्रॅफाइटचे धागे उसवत नाहीत. मग बारीक दात्यांची करवत किंवा घासून कापणारी चकती. स्टीलच्या शाफ्टला चालणारा नळ कापायचा कटर ग्रॅफाइटवर कुणी लावत असेल तर त्याला तिथेच थांबवा, तो शाफ्ट चेपतो. काळी भुकटी उडते, ती श्वासात जाऊ नये म्हणून मास्क हवाच. नंतर दुहेरी चिकट टेप, त्यावर सॉल्व्हंट, आणि ग्रिप एका दमात सरकवायची. एकेक अर्धा इंच कापून घ्या. जोड लावून लांबी थोडी परत वाढवता येते, पण न कापलेल्या शाफ्टची सर त्याला नाही.

नियमांच्या बाजूने खाली धरणाऱ्याला एक मोठी मोकळीक आहे. फेरी सुरू झाल्यावर क्लबचं वागणं मुद्दाम बदलता येत नाही. शिशाची टेप लावायची किंवा काढायची तर पहिल्या टी-च्या आधी. हात मात्र प्रत्येक शॉटला हवे तिथे ठेवता येतात. झाडांनी आवळलेल्या होलवर दोन इंच खाली, मोकळ्या, लांब पार-5 होलवर पूर्ण लांबी, असं एकाच क्लबने खेळता येतं. कापलेल्या ड्रायव्हरला ही सोय नाही, पण त्याचा फायदा वेगळा: दडपणाखाली हात आपोआप टोकाकडे सरकायची सवय असते, आणि तिथे टोकच योग्य जागी असतं. दरवेळी आठवण ठेवून खाली धरावं लागतं अशा माणसाने कापावं, ज्याच्या हाताला ते सहज बसलंय त्याने कापायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे.

लांब ड्रायव्हर निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. 2021 मध्ये कियावा आयलंडवर फिल मिकलसनने वयाच्या पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकली ती 48 इंचांच्या मर्यादेला जेमतेम खाली असलेला ड्रायव्हर घेऊन. 2022 च्या जानेवारीपासून स्पर्धांना 46 इंचांची मर्यादा लावण्याची मुभा मिळाली आणि पीजीए टूरने ती लावलीही. मिकलसनने उघड नाराजी व्यक्त केली. क्लबच्या साप्ताहिक खेळात ही मर्यादा सहसा आड येत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही उपाय तोकडे पडतात. आपल्याकडे वडिलांचा जुना ड्रायव्हर कापून मुलाच्या हातात देतात. दहा वर्षांच्या मुलासाठी आठ-दहा इंच कापलेला शाफ्ट काठीसारखा ताठ होतो, हेड मोठ्या माणसाचंच राहतं, आणि ते हवेत न्यायला मूल सगळं अंग वापरतं. तोच क्लब खाली धरायला दिला तर मागचं लांब टोक त्याच्या पोटाला लागतं. मुलांसाठी हलक्या हेडचा आणि लवचीक शाफ्टचा, त्यांच्याच मापाचा क्लब घ्या, वापरलेला मिळाला तरी चालेल.