कपाळावरचा तेरा, मनगटावरचा मुकुट

१५ मार्च २०२५ रोजी अमेरिकेने दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन पुरुषांना विमानात बसवलं आणि एल साल्वादोरमधल्या 'सेकोट' या महातुरुंगात नेऊन सोडलं. त्यातल्या बऱ्याच जणांसाठी आधार घेतला होता युद्धकाळासाठी केलेल्या १७९८ सालच्या परकीय शत्रू कायद्याचा. आरोप असा, की हे सगळे 'त्रेन दे अराग्वा' या टोळीचे सदस्य आहेत. पुढे न्यायालयात एक गुणतक्ता उघड झाला. टोळीचा टॅटू अंगावर असेल तर ४ गुण, टोळीची समजली जाणारी चिन्हं किंवा कपडे असतील तर आणखी ४. बेरीज ८ झाली की माणूस टोळीचा! संशयास्पद टॅटूंमध्ये मुकुट, तारा, घड्याळ, आगगाडी आणि चेंडू उंचावून झेपावणारा मायकल जॉर्डनही होता. पाठवलेल्यांपैकी एकाच्या मनगटांवर मुकुट होते आणि त्यांच्याजवळ 'आई', 'बाबा' असं लिहिलेलं होतं. दुसरा फुटबॉलचा गोलरक्षक. त्याच्या दंडावरचा मुकुट रेआल माद्रिद क्लबच्या चिन्हावरून घेतलेला होता, असं त्याच्या वकिलांनी सांगितलं.

ही बातमी वाचून मला राग आला तो नंतर. आधी आठवला संख्याशास्त्राचा एक जुना धडा. पण त्याआधी सरकारची बाजूही बघायला हवी, कारण टॅटूवरून टोळी ओळखता येते ही समजूत हवेतून आलेली नाही. एके काळी, दुसऱ्या टोळ्यांच्या बाबतीत, ती खरी होती.

१९८० च्या दशकात एल साल्वादोरमधल्या यादवीतून पळालेली कुटुंबं लॉस एंजेलिसला पोहोचली. तिथल्या गल्ल्यांमध्ये आधीपासून टोळ्या होत्या. त्यांच्यापासून बचावासाठी या पोरांनी स्वतःचं टोळकं जमवलं आणि त्यातून 'मारा साल्वात्रुचा', म्हणजेच एमएस-१३, उभी राहिली. तेरा का? इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर एम, आणि कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांवर सत्ता गाजवणाऱ्या 'मेक्सिकन माफिया'ला ती सलामी. प्रतिस्पर्धी 'बारिओ १८' त्याहून जुनी, तीही लॉस एंजेलिसचीच. १९९२ मध्ये यादवी संपली, १९९६ मध्ये अमेरिकेने हद्दपारीचे नियम कडक केले आणि दोन्ही टोळ्यांची हजारो माणसं मध्य अमेरिकेत परत धाडली गेली. त्यांच्यासोबत त्यांची नावं, वैरं आणि अंगावरची अक्षरंही गेली. काहींच्या तर कपाळावर, गालांवर, पापण्यांवरसुद्धा.

कपाळावर का? इथे माझा आवडता सिद्धांत येतो. १९७५ मध्ये इस्रायली जीवशास्त्रज्ञ आमोत्स झाहावी यांनी विचारलं, की मोर एवढा अवजड पिसारा का बाळगतो? त्यांचं उत्तर असं, की तो महागात पडतो म्हणूनच बाळगतो. ज्या संकेताची किंमत मोठी, त्याची नक्कल भुरटे करू शकत नाहीत. टोळीपुढचा प्रश्न नेमका हाच असतो. नवा आलेला पोलिसांचा खबऱ्या तर नाही? उद्या पळून तर जाणार नाही? शपथ फुकटात घेता येते. कपाळावर हातभर अक्षरं गोंदली की मात्र नोकरीचा दरवाजा बंद, शत्रूच्या वस्तीत पाऊल टाकणं म्हणजे मरण, आणि परतीची वाट नाही. ज्याने हे केलं त्याच्या शब्दावर टोळी विश्वास ठेवते.

आणि परतीची वाट का नाही, याचं उत्तर त्वचेत आहे. सुईने शाई बाहेरच्या थरात नव्हे, आतल्या थरात जाते. तिथल्या भक्षक पेशी तिला परका कण समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. या पेशी काही अमर नसतात, मग टॅटू वर्षानुवर्षं कसा टिकतो? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवून याचा उलगडा केला. भक्षक पेशी मरते, शाई मोकळी होते आणि शेजारी आलेली नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. पेशी बदलत राहतात, अक्षर तिथेच राहतं. मला तर हे वाचून काही दिवस दुसरं काही सुचेना.

आता सरकार काय करतं ते पाहा. २००३ मध्ये एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को फ्लोरेस यांनी 'मानो दुरा', म्हणजे कठोर हात, हे धोरण आणलं. त्याखालच्या कायद्यात अंगावरच्या टोळीच्या खुणा हाच पुरावा ठरला. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, पण तोवर टोळ्या धडा शिकल्या होत्या. नव्याने भरती होणाऱ्यांच्या अंगावर दिसेल अशा जागी गोंदवणं बंद झालं. सरकार जी खूण वाचू लागतं, ती खूण टोळी मिटवते. मग उरतात कोण? जुने सदस्य, टोळी सोडून धर्माकडे वळलेले, आणि शोभेसाठी गोंदवणारी पोरं.

इथे तो संख्याशास्त्राचा धडा. पुढचे आकडे माझे, हिशेबासाठी कल्पिलेले. समजा एक लाख स्थलांतरितांत ३०० जण खरोखर टोळीचे आहेत. त्यातल्या ६० टक्क्यांच्या अंगावर मुकुट आहे, म्हणजे १८० जण. उरलेल्या ९९,७०० निर्दोषांत मुकुट फक्त ५ टक्क्यांच्या अंगावर आहे. कमी वाटतं ना? ती माणसं होतात ४,९८५. मुकुट दिसला म्हणून सगळ्यांना उचललं, तर शंभरात टोळीचे तीन-चार, बाकी सगळे आई-बाबांवर प्रेम करणारे. आता मुकुटाच्या जागी कपाळावर 'एमएस' घ्या. निर्दोषांत असा माणूस दहा हजारांत एकच मिळाला, तर १८० खऱ्यांमागे निर्दोष दहाच निघतात. तीच माणसं, तोच कायदा, तरी निकाल उलटा. ठरवणारी गोष्ट एकच: ही खूण टोळीबाहेर किती दुर्मिळ आहे? टोळीतल्या टक्केवारीला टोळीबाहेरच्या टक्केवारीने भागा. पहिल्या खुणेत हे गुणोत्तर ६० भागिले ५, म्हणजे १२. दुसरीत ६० भागिले ०.०१, म्हणजे ६,०००.

गुणतक्त्यात याहून खोल गोम आहे. पुराव्यांची बेरीज करणं गणितात चालतं, पण बेरीज करायची असते त्या गुणोत्तरांच्या लॉगॅरिदमची, आणि तीही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. दंडावर जॉर्डन गोंदवणारा मुलगा शिकागो बुल्सची जर्सीही घालणारच! टॅटूचे ४ आणि जर्सीचे ४ मिळून ८ होतात खरे, पण पुरावा एकच आहे, की त्याला बास्केटबॉल आवडतो. (लॉगॅरिदम शाळेतच सुटला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, बिघडत नाही.)

१८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझोने जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून, कानावरून आणि गोंदणावरून ओळखता येतो असा दावा केला होता. त्याला आज आपण हात पाहून भविष्य सांगणाऱ्यांच्या पंगतीत बसवतो. पण तेच काम संगणकाने केलं की माना डोलावतो. दोन फोटोंतला टॅटू सारखा आहे का, हे संगणक सांगू शकतो. त्या टॅटूचा अर्थ काय, हे त्याला कुठून कळणार?

यावर एक सडेतोड उत्तर मिळतं: एल साल्वादोरकडे बघा. तेही बघू. २०१५ मध्ये तिथे लाखामागे शंभराहून अधिक खून होत होते. मार्च २०२२ च्या एका आठवड्याअखेरीस ८७ माणसं मारली गेली आणि राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी लावली. ऐंशी हजारांहून अधिक अटका झाल्या. सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये लाखामागे खून १.९ वर आले. लोक रात्री घराबाहेर पडू लागले, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. मात्र २०२१ मध्येच तो आकडा १८ च्या आसपास उतरला होता. आणि चाळणीची भोकं इतकी बारीक केली की गुन्हेगार निसटत नाही, पण बाकीचेही अडकतात. सुमारे आठ हजार निर्दोषांना सोडावं लागलं, हे खुद्द बुकेले यांनीच २०२४ मध्ये सांगितलं. आत अजून किती आहेत हे खटले चालले तर कळेल, आणि तिथे एकेका खटल्यात शेकडो आरोपी एकत्र उभे केले जातात.

त्या व्हेनेझुएलन पुरुषांना जुलै २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत मायदेशी पाठवलं गेलं. मुकुट अर्थातच अंगावर तसेच.

लॉस एंजेलिसमध्ये, जिथे ही अक्षरं सुरू झाली तिथेच, 'होमबॉय इंडस्ट्रीज' ही संस्था टोळी सोडणाऱ्यांचे टॅटू मोफत काढून देते. लेसरचा अब्जांश सेकंदांचा झटका शाईच्या कणांचा चुरा करतो. तो लसिका (लिम्फ) या शरीरातल्या द्रवातून हळूहळू वाहून जातो, पण पुष्कळसा पुन्हा भक्षक पेशी गिळतात, म्हणून आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं. पिवळा आणि पांढरा रंग फार छळतात. काळा मात्र सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश शोषतो, त्यामुळे तोच सर्वांत सहज फुटतो. टोळीची अक्षरं बहुतेक काळीच असतात.