रुग्णसेवेतील गुणवत्ता सुधारणा

उपचार सुरक्षित असावेत, वेळेवर मिळावेत आणि दिवसपाळीइतकेच रात्रपाळीतही नीट व्हावेत, यासाठी रुग्णालयाच्या रोजच्या कामात मोजमाप ठेवून केलेला बदल. चौकशीत चूक कोणाची ते विचारले जाते; इथे ती कामाच्या कोणत्या टप्प्यावर शिरली ते पाहतात. वैद्यकीय सेवेच्या दर्जाचे अभ्यासक ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम या तीन अंगांनी तपासण्याची मांडणी केली. प्रत्यक्षात भर प्रक्रियेवर राहतो, कारण नव्या खाटा मंजूर होईपर्यंत वॉर्डाच्या हाती तेवढेच असते.

सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेला रुग्ण घ्या. रक्तदाब कोसळला असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. डॉक्टर केसपेपरवर औषध लिहितात, सिस्टर चिठ्ठी देतात, नातेवाईक केमिस्टकडे धावतात, पैसे कमी पडले की परत येतात. लागोपाठ वीस रुग्णांसाठी प्रत्येक टप्प्याची वेळ घड्याळ पाहून नोंदवली, की उशीर इंजेक्शन देण्यात होतो की चिठ्ठीच्या फेऱ्यांत, ते उघड होते. चिठ्ठीच अडत असेल, तर पहिला डोस वॉर्डाच्या साठ्यातून द्यावा. आधी एकाच वॉर्डात, आठवडाभर. आकडे सुधारले तरच पुढे. साठा भरण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे नसेल, तर कपाट रिकामे होते आणि नातेवाईक पुन्हा रांगेत उभे राहतात.

मुंबईत केईएम, शीव, नायर यांसारख्या पालिका रुग्णालयांत खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. अशा गर्दीत दर रुग्णामागे बेसिनपर्यंत जाणे होत नाही, म्हणून हँडरबची (हातांना चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली खाटेच्या पायथ्याशीच हवी. हँडरब २० ते ३० सेकंद चोळावा. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील, तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवावेत. निरीक्षक समोर असला की सगळेच हात स्वच्छ करतात, त्यामुळे महिन्याला संपलेल्या बाटल्याही मोजाव्यात.

पाळी बदलताना रुग्णाची माहिती खाटेपाशी उभे राहून द्यावी: सलाईन, लघवीचे माप, राहिलेले डोस, येणे असलेले रिपोर्ट. पावसात लोकल रखडली की पुढच्या पाळीच्या सिस्टर उशिरा पोहोचतात आणि नेमके हेच घाईत उरकले जाते. अशा दिवशी लेखी नोंदच कामी येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीच्या तपासणी यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी. तिन्हींच्या खुणा शेवटी एकदम केल्या, तर पोटात राहिलेला मॉप (रक्त टिपायचा कापडी तुकडा) त्या कागदावर कधीच दिसत नाही.