रूममेटचं चांगलं झालं की पोटात का दुखतं?

चवथीची सुट्टी संपवून मुली हॉस्टेलवर परतल्या की थोडे दिवस रूममध्ये नेवऱ्यांचे डबे फिरतात, सगळ्यांचं सगळ्यांशी गोड असतं, आणि मग एक दिवस वॉर्डन मॅडमकडे तक्रार जाते की हिने माझे ओले कपडे दोरीवरून काढून बादलीत टाकले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला पाऊस, व्हरांड्यात एकच दोरी, युनिफॉर्म दोन-दोन दिवस वाळत नाही, मग भांडण दोरीवरूनच झालं असं कोणालाही वाटणार. जरा खोदून विचारलं की कळतं, दोघीही गातात आणि गॅदरिंगला सोलो एकीलाच मिळालाय.

अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याचं यश आपल्याला कसं लागतं हे दोन गोष्टींवर ठरतं, तो माणूस किती जवळचा आणि ते क्षेत्र आपण आपलं मानतो का. रूममेट फुटबॉल टीममध्ये गेली तर आपणच गावभर सांगतो, माझी रूममेट आहे ती! पण तीच गाण्यात पुढे गेली तर झोंबतं, मडगावच्या कुठल्यातरी अनोळखी मुलीने हरवलं असतं तर इतकं झोंबलं नसतं. म्हणजे ज्या मैत्रिणीशी सगळ्यात जास्त जुळतं तिच्याशीच बिनसायची शक्यता जास्त.

2009 मध्ये जपानच्या हिदेहिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी हेवा वाटताना मेंदूचं स्कॅनिंग केलं. समोरचा आपल्याच क्षेत्रात वरचढ असेल तर अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा भाग जास्त जागा होत होता, शारीरिक वेदनेतही हा भाग काम करतो. त्यामुळे मुलगी 'मला त्रास होतोय' म्हणते तेव्हा ती नाटक करत नसते, प्लीज तिला तसं म्हणू नका.

त्यात झोपेची बोंब. टीनएजमध्ये मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं हार्मोन रात्री उशिरा वाढतं, झोप उशिरा लागते आणि पहाटे पीटीची घंटा होतेच. 2007 च्या एका प्रयोगात एक अख्खी रात्र जागवलेल्या तरुणांच्या मेंदूतला अमिग्डला, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेला भाग, वाईट चित्रं बघून सुमारे 60 टक्के जास्त भडकला होता. तो प्रयोग टीनएजर्सवर नव्हता, पण रोज अर्धवट झोपलेल्या पोरींना एका शब्दावरून राग का येतो याचा अंदाज येतो.

घरी असतं तर दार लावून बसता आलं असतं, इथे वरच्या बंकवर तीच, मेसच्या लाइनमध्ये तीच, स्टडी अवरलाही तीच. म्हणून पहिला उपाय सुचतो रूम बदलायचा, मला तो बहुतेक वेळा चुकीचा वाटतो कारण गाणं तर दोघींचं तेच राहतं, मैत्री तेवढी जाते. नेदरलँड्सच्या नील्स व्हॅन दे व्हेन यांच्या अभ्यासात हेव्याचे दोन प्रकार दिसले, एक स्वतःला वर न्यायला लावणारा आणि एक दुसऱ्याला खाली ओढणारा, आणि समोरच्याचं यश न्याय्य वाटलं तर पहिल्याची शक्यता वाढते. तेव्हा सोलो कोणाला द्यायचा ते बंद खोलीत ठरवू नका, ऑडिशन सगळ्यांसमोर घ्या, निवड का झाली ते दोघींना नीट सांगा, आणि दुसरीचे सूर कुठे कमी पडले तेही तिला एकटीला बसवून समजावा.