कलम नेताय? जोडाखाली लक्ष ठेवा

हापूस, केसर, रत्ना, सिंधूची कलमं नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"पाच वर्षं पाणी घातलं, कुंपण केलं, आणि लागले काय, तर रायवळ आंबे! हापूस म्हणून कसलं कलम दिलंत?" आंब्याचा हंगाम आला की असे फोन सुरू होतात. आम्ही बुंध्याचा फोटो मागतो. येतो तो शेंड्याचा, नाहीतर हातात धरलेल्या आंब्याचा. पुन्हा मागावा लागतो. मग एकदाचा बुंधा दिसतो आणि बहुतेक वेळा सगळा उलगडा तिथेच होतो. मातीतून थेट वर आलेलं मनगटाएवढं सरळ खोड, आणि त्याच्या बगलेला करंगळीएवढी वाळकी काटकी. ती काटकी म्हणजे आम्ही दिलेला हापूस. जोमाने वाढला तो त्याचा खुंट, म्हणजे ज्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधली होती ते खालचं झाड.

कलम देताना आम्ही सगळं तोंडी सांगतो, पण गाडीत पिशव्या चढवायच्या घाईत ते कानाआड होतं. शिवाय प्रत्यक्ष लावणारा गडी त्या वेळी समोर नसतोच. म्हणून हा कागद. वाचून झाला की लावणाऱ्याच्या हातात द्या.

एका पिशवीत दोन झाडं

आमची बरीचशी कलमं कोय कलमं असतात. पावसाच्या तोंडावर रायवळ आंब्याचे बाठे गादीवाफ्यावर रुजत घालतो. कोंब वर आलेला, पानं अजून तांबूस आणि लुसलुशीत, असं दहा-पंधरा दिवसांचं रोप बाठ्यासकट उचलतो. बाठ्याच्या वर साधारण चार बोटांवर शेंडा उडवून मधोमध उभी चीर देतो. हापूसच्या झाडावरच्या तीन-चार महिन्यांच्या काड्या आधीच हेरून ठेवलेल्या असतात. आठ-दहा दिवस अगोदर त्यांची पानं काढली की टोकाचा डोळा फुगतो. ती काडी खालून पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची.

सालीच्या लगेच आत एक ओला, निसरडा थर असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला एधा म्हणतात. झाडाची जाडी याच थरातल्या पेशींनी वाढते. खुंटाचा आणि काडीचा हा थर निदान एका बाजूने एकमेकाला भिडला पाहिजे. भिडला की दोन्हीकडून नव्या पेशी येऊन फट भरून काढतात आणि मग पाण्याच्या, अन्नाच्या वाहिन्या जुळतात. पाचर जराशी सरकली, पट्टी सैल पडली किंवा चाकूला धार नसली, तर काडी वाळते. आमचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त वाटतो त्यात बांधणाऱ्याच्या हाताची मजुरी आहे.

पण जोड जमला म्हणजे दोन झाडं मिसळून एक झाली, असं होत नाही. जोडाच्या वरचं सगळं हापूस, खालचं सगळं रायवळ, आणि झाड म्हातारं झालं तरी त्यात फरक पडत नाही. "खुंट रायवळ आहे, मग आंबा आंबट होईल का?" असं बरेच जण विचारतात. नाही होत. खुंटामुळे झाडाचा जोम, वाढ, पाण्याचा ताण सोसायची ताकद यांत कमी-जास्त होतं, जात बदलत नाही. मात्र याच कारणाने जोडाखालून जे फुटेल ते रायवळच असणार. त्याला कितीही शेणखत घाला, तो हापूस व्हायचा नाही.

खुंट का फुटतो?

खुंटाच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात. वरचा शेंडा जोमात वाढत असला की तो ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली सोडत राहतो आणि त्याच्या धाकाने हे डोळे गप्प राहतात. शेंड्याला इजा झाली की धाक संपला. बकरीने शेंडा खाल्ला, शेंडा पोखरणारी अळी लागली, वाऱ्याने काडी मोडली, लावताना मुळं हलली आणि काडी रुसून बसली, कारण काहीही असो, खालचे डोळे लगेच जागे होतात. त्यांना सोयही मोठी, कारण मुळांनी उचललेलं पाणी आधी त्यांच्याच दाराशी येतं. शिवाय खुंट बियांपासून आलेलं कोवळं झाड, वाढीचा जोर दांडगा. दोन महिन्यांत तो काडीला झाकून टाकतो, आणि मग सावलीत सापडलेली काडी वाळायला वेळ लागत नाही.

आमचे बरेच ग्राहक मुंबई-पुण्याचे चाकरमानी. मिरगात येऊन कलमं लावतात आणि परत जातात. गणपतीला गावी येतात तेव्हा झाड चांगलं कमरेएवढं, हिरवंगार झालेलं असतं. गडी खूश, मालक खूश, फोटो आम्हालाही येतो. आमच्या अनुभवात काळजी करावी अशी कलमं हीच. नवं कलम पहिल्या पावसात एवढं उसळत नाही. आधी मुळं धरतं, वर एखाद-दुसरी पालवी देतं. फार जोमात दिसलं तर खूश व्हायच्या आधी खाली वाका.

बघायचं कसं, काढायचं कसं

पानावरून ओळखायला जाऊ नका. कोवळ्या पानांवरून भलेभले फसतात. बोट शेंड्यावर ठेवा आणि खोडाला धरून खाली खाली या. जोडापाशी किंचित फुगवटा आणि पाचरीची तिरपी खूण लागते. वरची आणि खालची साल पोताने, रंगानेही थोडी वेगळी असते. सोय म्हणून आम्ही जोडाच्या जरा वर पिवळ्या रंगाचा ठिपका देतो. तुमची फांदी ठिपक्याच्या वरून निघाली असेल तर तुमची. खालून निघाली असेल तर काढा, मग ती कितीही देखणी असो.

फुटवा कोवळा असताना अंगठ्याने बाजूला दाबून मुळासकट मोडा. कात्रीने वरच्यावर छाटू नका. राहिलेल्या थोटकाच्या बुडाशी आणखी डोळे असतात आणि एकाचे दोन होऊन येतात. लाकूड धरलं असेल तर धारदार कात्रीने खोडालगत कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन-चार झाडांसाठी याच प्रमाणात थोडी करा). पहिली दोन-तीन वर्षं हे काम संपत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, आणि शेंडा मोडला असेल तेव्हा लगेच. एका झाडाला अर्धं मिनिट लागतं.

जोड पुरू नका

निम्म्या तक्रारींचं मूळ लावणीच्या दिवसातच असतं. कोय कलमाचा जोड मुळातच बुटका. वाऱ्याने पडू नये म्हणून कलम खोल लावायची काहींना सवय असते, आणि जोड मातीखाली जातो. मग तिथे ओल धरते, बुरशी लागते, वाळवीला वाट मिळते. त्याहून वाईट म्हणजे खुंटाचा फुटवा मातीतूनच वर येतो आणि वेगळा ओळखूच येत नाही. वाऱ्याची भीती असेल तर बांबूची काठी द्या आणि सुतळीने सैल आठाचा फास घाला.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा काढता, शेणखत, सुपर फॉस्फेट, माती घालून भरता. ती भरणी पोकळ असते. दोन मोठे पाऊस झाले की ती वीतभर खाली बसते, कलमही तिच्याबरोबर खाली जातं, आणि कडेची माती वाहत येऊन जोडावर बसते. लावताना जोड वर होता हे खरं असतं, गणपतीत तो पुरलेला असतो हेही खरं असतं. म्हणून खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच भरा आणि त्या उंचवट्यावर कलम लावा. कातळावर चिरे फोडून लावणार असाल तर पाणी बाहेर जायला वाटही ठेवा.

पट्टी आम्ही विक्रीपूर्वी काढतो. चुकून राहिली दिसली तर ब्लेडने उभी चीर देऊन सोडा, नाहीतर खोड जाड होताना ती आत रुतते आणि झाड तिथेच मोडतं.

नेहमीचे काही प्रश्न

चांगल्या हापूसचा बाठाच का लावू नये? लावा, हौस म्हणून. हापूसच्या एका बाठ्यातून एकच रोप येतं, आणि त्यात आईबरोबर परागकण देणाऱ्या झाडाचेही गुण असतात. तो परागकण कुठल्या झाडाचा, हे मोहोरावर बसणाऱ्या माशांना माहीत. केरळकडच्या ओलूर, चंद्रकरन अशा जातींच्या एका बाठ्यातून अनेक कोंब येतात आणि त्यातले बहुतेक थेट आईसारखे निघतात. हापूसमध्ये ती सोय नाही. म्हणून गोव्यातून वर कोकणभर पसरलेला हापूस टिकला तो कलमावर. आमचे खुंटही बाठ्यांचेच, प्रत्येकाचा पिंड वेगळा. एकाच ओळीतली कलमं लहान-मोठी वाढतात त्याचं एक कारण हेच, त्यात आम्ही फसवलेलं काही नाही.

बाठ्याचा हा लहरीपणा संशोधकांना मात्र हवाच असतो. दोन जातींचा संकर करून शेकडो वेगवेगळी रोपं वाढवायची, फळं येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं, त्यातलं एखादं निवडायचं आणि मग त्याची कलमं करायची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना मिळाली ती अशीच. कोकण कृषी विद्यापीठाने ती १९८१ मध्ये दिली. रत्ना आणि पुन्हा हापूस यांच्या संकरातली सिंधू १९९२ ची, तिचा बाठा पातळ. रत्नात साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) धरत नाही आणि ती हापूससारखी वर्षाआड रुसत नाही. बाजारात नावाला भाव आहे तो हापूसच्याच, हे आम्हीही मान्य करतो. पण घरच्या खाण्यासाठी चार झाडं लावणाऱ्याने त्यातलं एक तरी रत्नाचं लावावं, असं आमचं मत आहे.

बागेत दुसऱ्या जाती मिसळल्या तर हापूसची चव बिघडते का? बिघडत नाही. आपण खातो तो गर आईच्या झाडाचा भाग असतो. परागकणाचा परिणाम बाठ्याच्या आतल्या बीजावर होतो. उलट नुसत्या हापूसच्या बागेत फळधारणा कमी राहते, कारण त्याला स्वतःचा पराग फारसा मानवत नाही. दहा झाडांमागे एखादं केसर किंवा रत्ना असावं. यात आमची विक्री होते हे उघड आहे, पण शेजाऱ्याच्या बांधावर मोहोरणारा रायवळ असेल तर तेवढ्यावरही भागतं.

पहिल्याच हिवाळ्यात मोहोर आला, ठेवू का? काडी मोठ्या, फळत्या झाडाची असते म्हणून एवढंसं कलमही मोहोरतं. पहिली तीन वर्षं मोहोर खुडा. फळाचा फोटो छान येतो, पण झाड खुरटतं.

दोन-तीन वर्षांची मोठी कलमं का ठेवत नाही? पिशवीत मुळं गोल फिरून गुंडाळतात आणि जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाहीत. उंच झाड नेल्याचं समाधान मिळतं, वाढ मात्र लहान कलमाचीच चांगली होते.

रायवळ झालंच असेल तर

झाड तोडू नका. त्याचं सोटमूळ खोल गेलेलं आहे, विशेषतः कातळावर ही मोठी मिळकत समजा. काडी अजून जिवंत असेल तर खुंटाच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढा, एका दिवसात सगळ्या नको. काडी मेली असेल तर खुंटावर नवी तांबूस पालवी असलेला पेन्सिलीएवढा जोमदार फुटवा ठेवा, त्यावर जागेवरच मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावर काडी बसवून केलेलं कलम) बांधता येतं. खोड बरंच मोठं झालं असेल तर आधी छाटून नवे फुटवे घ्यावे लागतात. आमचे कलम बांधणारे बागेत येऊन हे काम करून देतात. दर झाडामागे, आणि जगलेल्या कलमाचेच पैसे. पालवी फुटायच्या आत कळवा, पालवी जून झाल्यावर कळवलंत तर पुढच्या पालवीपर्यंत थांबावं लागतं.

काड्या आमच्याच मातृवृक्षांच्या असतात. हापूस म्हणून सगळी झाडं सारखी नसतात. काही वर्षाआडही धड धरत नाहीत, काहींत साका जास्त. ज्या झाडांची फळं आम्ही स्वतः उतरवली आहेत त्यांच्याच काड्या घेतो. हंगामात आलात तर झाडं दाखवू, आंबाही खाऊन बघा.

बदलून देण्याबद्दल

पहिल्या पावसाळ्यात कलम मेलं तर बदलून मिळेल. त्यासाठी बिल आणि बुंध्याचा फोटो लागतो, माती बाजूला करून, जोड आणि पिवळा ठिपका दिसेल असा. जोड पुरलेला असेल, शेंडा गुरांनी खाल्लेला असेल किंवा खुंट वाढू दिलेला असेल तर बदलून देत नाही. यावर काही जण नाराज होतात. पण तसं केलं तर नीट जोपासणाऱ्या ग्राहकाच्या कलमात त्याचा खर्च चढवावा लागेल.

नेताना पिशव्या उभ्या ठेवा, उघड्या टेम्पोतून नेत असाल तर वर ताडपत्री हवी, नाहीतर वाऱ्याने पालवी करपते. पोचल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मगच लावा. लावताना पिशवी ब्लेडने फाडा, कलमाला धरून ओढू नका. हापूसची नोंदणी एप्रिलपासून घेतो. रत्ना आणि सिंधूची कलमं थोडीच असतात, ती हवी असतील तर जरा आधी सांगा.